किती पट्ट्या हव्यात?

शाळेतली बाजाची पेटी उघडली की एका सप्तकात बारा पट्ट्या दिसतात. सात पांढऱ्या आणि पाच काळ्या. पाचवीतल्या मुलालाही तासाभरात तिच्यावर 'सारेगम' वाजवता येते. एका हाताने भाता हलवायचा, दुसऱ्या हाताने पट्टी दाबायची. आतली रीड किती जाड आहे, ती कोणत्या मापाला घासली आहे, हवा कोणत्या वाटेने जाते, याचा विचार त्या मुलाला करावा लागत नाही. तो पेटी बनवणाऱ्याने आधीच करून ठेवलेला असतो. पण तेच मूल गाताना 'सा'वरून 'ग'वर अगदी सहज घसरत जाते, आणि ते मात्र पेटीवर काही केल्या जमत नाही. दोन पट्ट्यांच्या मध्ये जे आहे, ते पेटीत नाहीच.

ज्या रचनेने वाजवणे सोपे केले, त्याच रचनेने वाजवणाऱ्याच्या हातून काहीतरी काढूनही घेतले. संगणकाकडून ध्वनी काढून घेण्यासाठी जे लोक आज्ञासंच तयार करतात, त्यांच्यापुढे रोज हाच प्रश्न असतो. आज्ञा किती ठेवायच्या? काय झाकायचे आणि काय उघडे ठेवायचे? यंत्र आणि ते वापरणारा यांच्यामधल्या अशा पृष्ठभागाला संगणकाच्या परिभाषेत 'इंटरफेस' म्हणतात. पेटीच्या बारा पट्ट्या हा एक इंटरफेस आहे, तंबोऱ्याच्या खुंट्या हा दुसरा, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यासाठी आज्ञांची यादी हा तिसरा. या लेखात आपण या तिघांकडे एकत्र पाहू.

आकड्यांचा ध्वनी

संगणकाच्या दृष्टीने ध्वनी म्हणजे आकड्यांची एक लांबलचक रांग. हवेचा दाब क्षणोक्षणी किती कमी-जास्त झाला, हे त्या आकड्यांत लिहिलेले असते. संगीताच्या सीडीसाठी एका सेकंदाला ४४,१०० आकडे लागतात, तेही डाव्या व उजव्या बाजूसाठी वेगवेगळे. एकाच बाजूचा हिशोब धरला तरी एका मिनिटाला २६,४६,००० आकडे झाले.

हे आकडे आपल्या हातात असले तर आपले सामर्थ्य अमर्याद आहे. जगातला कोणताही ऐकू येणारा आवाज, झालेला वा न झालेला, अशा रांगेत मांडता येतो. मात्र एवढे आकडे हाताने कोण लिहिणार? दुसऱ्या टोकाला 'घंटा वाजव' अशी एकच आज्ञा असलेला संच करता येईल. तो शिकायला एक मिनिटही लागणार नाही. पण घंटेचा आवाज थोडा खर्जात हवा असेल, तर त्या संचाकडे उत्तर नाही. सगळे आज्ञासंच या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी उभे असतात.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ साली संगणकाकडून संगीत निर्माण करणारा एक आरंभीचा प्रोग्रॅम लिहिला. पहिली रचना जेमतेम १७ सेकंदांची होती. थोड्याच वर्षांत त्यांनी एक फार उपयोगी कल्पना पुढे आणली. आकडे नकोत आणि तयार आवाजही नकोत. मधल्या आकाराचे ठोकळे द्यावेत. एक ठोकळा लहर निर्माण करतो, दुसरा तिचा जोर कमी-जास्त करतो, तिसरा दोन लहरींची बेरीज करतो. वापरणाऱ्याने ते हवे तसे जोडावेत. मुलांच्या खेळण्यातल्या ठोकळ्यांप्रमाणे थोड्याच प्रकारांतून असंख्य रचना होतात. आजचे बहुतेक ध्वनी-आज्ञासंच याच कल्पनेवर उभे आहेत.

पण ठोकळे कोणते असावेत? येथे संगणकाच्या आधीच्या काळातला, सातारा-सांगली भागातला एक प्रयत्न पाहण्यासारखा आहे.

साताऱ्याचे न्यायाधीश, सांगलीचे देवल

एकोणिसाव्या शतकात पेटी युरोपातून आपल्याकडे आली आणि झपाट्याने पसरली. तिच्याबरोबर एक गणितही आले. युरोपीय पद्धतीत सप्तकाचे बारा सारखे भाग करतात. प्रत्येक पट्टीची कंप्रता, म्हणजे एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या, आधीच्या पट्टीच्या सुमारे १.०५९५ पट असते. बारा वेळा असा गुणाकार केला की बरोबर दुप्पट होते आणि वरचा 'सा' येतो. या पद्धतीची सोय मोठी आहे. कोणत्याही पट्टीला 'सा' माना, वाजवणे अडत नाही.

आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रापासून सप्तकात बावीस श्रुती मानल्या गेल्या. हिशोबासाठी आपण २४० हर्ट्झ हा 'सा' धरू. तंबोऱ्याशी अगदी मिळून येणारा शुद्ध 'ग' साच्या ५/४ पट असतो, म्हणजे ३०० हर्ट्झ. षड्ज-पंचम भावाने, म्हणजे दर वेळी ३/२ने गुणत चार पायऱ्या गेल्यावर दोन सप्तके खाली उतरून येणारा 'ग' साच्या ८१/६४ पट, म्हणजे ३०३.७५ हर्ट्झ असतो. आणि सारख्या भागांच्या पेटीवरचा 'ग' सुमारे ३०२.४ हर्ट्झ. तो ना इकडचा, ना तिकडचा.

हा फरक सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांना खटकत होता. त्यांनी १९१० साली हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती या विषयावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. साताऱ्यात न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमेंट्स हे इंग्रज अधिकारी त्यांचे सहकारी झाले. त्यांचे भारतीय संगीतावरील पुस्तक १९१३ साली लंडनमध्ये निघाले. दोघांनी मिळून 'फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' ही संस्था चालवली. श्रुतींच्या प्रयोगांत किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी देवलांना गाऊन साहाय्य केले. या अभ्यासातून बावीस श्रुती वाजवणारी पेटी आकाराला आली. 'श्रुती हार्मोनियम' हे तिचे नाव.

विचार अगदी सरळ होता. बारा पट्ट्यांत आपले संगीत मावत नाही ना? मग जागा वाढवा. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पंडित विष्णु नारायण भातखंडे तिच्यामागे होते. तेथे ही पेटी मांडली गेली, तिच्यावर वाद झाला, आणि ती सर्वमान्य झाली नाही. पुढेही घरोघरी आणि शाळाशाळांत गेली ती बारा पट्ट्यांचीच पेटी.

असे का झाले असावे? एक कारण उघड आहे: बोटांपुढे पर्याय वाढले की वाजवणे अवघड होते. दुसरे कारण जास्त खोल आहे. बावीस जागा झाल्या तरी त्या ठरलेल्याच. गायकाचा 'ग' रागाप्रमाणे, आरोह-अवरोहाप्रमाणे, आजूबाजूच्या स्वरांप्रमाणे किंचित हलतो. नझीर जैराजभॉय आणि स्टोन यांनी १९६३ साली उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या ध्वनिमुद्रणांतील स्वर मोजून प्रसिद्ध केले, तेव्हा एकच स्वर एका ठाम कंप्रतेवर बसत नाही, असे त्यांना दिसले. शिवाय मींड तर दोन जागांच्या मधल्या प्रवासातच असते. एका जिन्याला बाराऐवजी बावीस पायऱ्या केल्या, तरी तो जिनाच राहतो, उतार होत नाही.

देवल-क्लेमेंट्स यांचे काम यामुळे वाया गेले असे मुळीच नाही. पेटीच्या सोयीखाली कोणता निर्णय दडलेला आहे, हे त्यांनी मोजून दाखवले. तो प्रयत्न अलीकडे पुन्हा झाला तो वेगळ्या रीतीने. डॉ. विद्याधर ओक यांच्या बावीस श्रुतींच्या पेटीत पट्ट्या नेहमीच्या बाराच आहेत. 'सा' आणि 'प' सोडून उरलेल्या दहा स्वरांच्या पट्टीखाली एक लहान खुंटी असते. ती ओढली की त्याच पट्टीवर दुसरी श्रुती येते. दहा गुणिले दोन, अधिक दोन, असा बावीसचा मेळ बसतो. राग सुरू करण्यापूर्वी खुंट्या लावून घ्यायच्या. वाजवताना बोटांना ओळखीच्या बारा पट्ट्याच भेटतात. मींड अर्थात येथेही नाही. पण रोजचे काम सोपे ठेवून जास्तीचे सामर्थ्य एका पायरीवर मागे ठेवण्याची ही युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पेटीची चूक संगणकात

वाद्ये आणि संगणक एकमेकांना जोडण्यासाठी १९८३ साली 'मिडी' नावाचा संकेत ठरला. आजही जगभरचे विद्युत्-वाद्यवादक तो वापरतात. तो अतिशय सोपा आहे, आणि तेच त्याच्या यशाचे कारण आहे. स्वर म्हणजे ० ते १२७ यांपैकी एक पूर्णांक. मधल्या सप्तकातल्या 'सी'चा क्रमांक ६०, त्याच्या पुढच्या काळ्या पट्टीचा ६१. म्हणजे ज्यांनी हा संकेत केला, त्यांनी डोळ्यांपुढे पियानो ठेवला होता. ६०.५ नावाचा स्वर या यादीत नाही.

स्वर वाकवण्याची सोय त्यांनी दिली, तीही १६,३८४ बारीक पायऱ्यांची. पण ती एकेका स्वराला मिळाली नाही. त्या वाहिनीवरचे सगळे स्वर एकदम वाकतात. एकाच वाहिनीवर 'सा' धरून ठेवला आणि 'ग'ला मींड दिली, तर 'सा'ही घसरतो! स्थिर षड्जावर उभ्या असलेल्या आपल्या संगीतासाठी ही अडचण लहान नव्हे. प्रत्येक स्वराला स्वतंत्र वाहिनी देण्याचा तोडगा लोक वापरत होते; तो प्रमाण रीत म्हणून मान्य व्हायला २०१८ साल उजाडले. २०२० मध्ये आलेल्या 'मिडी २.०'मध्ये एकेक स्वर स्वतंत्रपणे वाकवण्याची सोय मूळ संकेतातच केली गेली. एका सोप्या निर्णयाची दुरुस्ती व्हायला पस्तीसहून अधिक वर्षे लागली.

मिरजेचा तंबोरा

आता याच सांगली जिल्ह्यातल्या मिरजेला जाऊ. अब्दुल करीम खाँ याच गावी स्थायिक झाले होते. येथील सतार आणि तंबोरा बनवणारी कारागीर घराणी एकोणिसाव्या शतकापासून हे काम करतात, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

तंबोऱ्याची रचना इंटरफेस म्हणून पाहू. चार तारा. वाजवणाऱ्याने त्या एकामागून एक छेडायच्या. हे काम नवशिका शिष्यही करू शकतो, आणि मैफलीत गुरूच्या मागे बसून करतोही. ही झाली पहिली पायरी.

दुसरी पायरी स्वर लावण्याची. वरच्या खुंट्या पिळून तार साधारण जागेवर आणायची. नंतर भोपळ्याकडच्या टोकाला ओवलेला मणी किंचित सरकवून स्वर नेमका करायचा. एकाच गोष्टीसाठी एक ढोबळ आणि एक बारीक, अशी दोन साधने. नुसती खुंटी असती तर नेमका स्वर लागायला फार वेळ गेला असता. नुसता मणी असता तर तार लांबचा पल्ला गाठू शकली नसती. दोन्ही साधने अखंड आहेत. त्यांत पायऱ्या नाहीत, म्हणून ३०० आणि ३०२ यांच्यामधला कोणताही स्वर लावता येतो.

तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा असतो. तो केसभर मागे-पुढे केला की आवाज एकदम खुलतो, तारेतून वरचे स्वरांश झंकारू लागतात. हीच जवारी. धाग्याची जागा गायक ठरवतो. पण घोडीच्या पृष्ठभागाला जी अगदी सूक्ष्म गोलाई लागते, ती कानस आणि पॉलिशचे काम कारागिराचे. ही तिसरी पायरी. रोज गाणाऱ्याला तिच्याकडे पाहावे लागत नाही, पण ती बंद केलेलीही नाही. घोडी झिजली की कारागीर पुन्हा जवारी काढून देतो.

एक नवशिका, एक गायक, एक कारागीर. तिघांसाठी तीन खोल्या, आणि खोल्यांमधली दारे उघडी. आपल्याला हवा असलेला आज्ञासंच असाच असायला हवा.

ब्राउझरमधले वाद्य

संगणकावर आणि मोबाइलवर आपण ज्यातून संकेतस्थळे पाहतो, त्या ब्राउझरमध्ये ध्वनी निर्माण करण्याची सोय असावी, असा विचार २०१०च्या सुमारास जोर धरू लागला. तेव्हा दोन मते पुढे आली. फायरफॉक्स ब्राउझर करणाऱ्या मोझिला संस्थेचा प्रयोग असा होता की, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हाती थेट आकडे द्यावेत, तो हवे ते करील. गूगलकडून आलेल्या प्रस्तावात मॅथ्यूज यांच्यासारखे ठोकळे होते. लहर, जोर, गाळणी, प्रतिध्वनी, असे तयार ठोकळे जोडायचे. ठोकळ्यांची बाजू जिंकली, आणि २०२१ साली 'वेब ऑडिओ' या नावाने ती जागतिक प्रमाण म्हणून मान्य झाली.

थेट आकड्यांची बाजू मागे का पडली? ब्राउझरला पान रंगवणे, स्पर्श ओळखणे अशी इतर कामेही असतात. त्याच रांगेत ध्वनीचे आकडे तयार करायचे म्हटले, तर एखादे काम लांबले की ध्वनी तुटतो. डोळा क्षणभराचा विलंब सोसतो, कान सोसत नाही. ठोकळ्यांचे काम वेगळ्या, न थांबणाऱ्या रांगेत चालते. ते १२८ आकड्यांच्या तुकड्यांनी होते. सेकंदाला ४४,१०० या वेगाने हा तुकडा ३ मिलिसेकंदांहूनही कमी वेळाचा झाला.

पण ज्याला हवा तो ठोकळा मिळत नव्हता, त्याचे काय? सुरुवातीला दिलेले दार त्याच जुन्या रांगेत उघडत होते, म्हणून आवाज तुटत असे. नंतर 'ऑडिओ वर्कलेट' नावाचे नवे दार आले. २०१८ साली ते क्रोम ब्राउझरमध्ये उपलब्ध झाले. आता आपला स्वतःचा ठोकळा लिहून तो ध्वनीच्या रांगेतच बसवता येतो. हे आपले कारागिराचे दार.

या संचातली आपल्याला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्र फार साधी आहे. येथे लहरीला पट्टीचा क्रमांक द्यावा लागत नाही; कंप्रता द्यायची असते, आणि ती अपूर्णांकातही चालते. शिवाय 'एवढ्या वेळात या कंप्रतेपर्यंत जा' अशी एक आज्ञा आहे. मराठीत लिहायचे तर असे होईल :

सुरुवात : कंप्रता २४०
आज्ञा : अर्ध्या सेकंदात ३०० पर्यंत जा

झाली मींड! बाराच्या बावीस आणि बावीसच्या शंभर पट्ट्या करून जे साधले नसते, ते कंप्रता आणि वेळ या दोन राशी मोकळ्या ठेवल्याने साधले. आज्ञा मात्र एकच वाढली.

काय झाकावे, काय उघडे ठेवावे

या सगळ्या उदाहरणांतून एक सूत्र हाती लागते. यंत्राच्या अडचणी झाकाव्यात. वापरणाऱ्याचे निर्णय झाकू नयेत.

एक उदाहरण घेऊ. लहर एकदम सुरू केली किंवा एकदम तोडली की 'टक्' असा आवाज येतो. कारण आकड्यांच्या रांगेत मध्येच मोठी उडी पडते. ती टाळण्यासाठी सुरुवातीला आणि शेवटी काही मिलिसेकंद आवाज हळू चढवावा-उतरवावा लागतो. सोप्या 'वाजव' या आज्ञेने हे काम गुपचूप करून टाकावे, कारण एरवी 'टक्' कोणालाच नको असते. उलट सप्तकाचे भाग किती, हा यंत्राचा प्रश्नच नाही. तो गाणाऱ्याचा प्रश्न आहे, आणि निरनिराळे लोक त्याचे निरनिराळे उत्तर देतात. ते उत्तर आज्ञासंच करणाऱ्याने परस्पर देऊन टाकले, तर काही लोकांचे संगीत सोपे होते आणि काहींचे अवघड, आणि ज्यांचे अवघड होते त्यांना वाटत राहते की दोष आपल्याच संगीतात आहे.

म्हणून सोप्या आज्ञेला ठरीव मूल्ये जरूर असावीत, पण ती बदलता यावीत. 'ग वाजव' म्हटल्यावर नेहमीचा 'ग' वाजावा. 'ग वाजव, कंप्रता ३००' म्हटल्यावर मुकाट्याने ३०० वाजावे.

वर्गात करून पाहा

पहिला प्रयोग. मोबाइलवर विशिष्ट कंप्रतेचा स्वर काढणारी साधने मोफत मिळतात. दोन मोबाइल घ्या. दोन्हींवर करवतीच्या दात्यांसारखा आकार असलेली लहर निवडा. साध्या, गुळगुळीत लहरीत वरचे स्वरांश नसल्याने हा प्रयोग होणार नाही. एकावर २४० हर्ट्झ लावा, दुसऱ्यावर ३००. आवाज स्थिर येईल. आता दुसरा ३०२.४ करा. मिश्रणात थरथर ऐकू येईल. कारण साचा पाचवा स्वरांश १२०० हर्ट्झवर असतो आणि 'ग'चा चौथा आता सुमारे १२०९.५वर गेलेला असतो. दोहोंतल्या फरकाइतक्या, म्हणजे सेकंदाला नऊ-दहा, लाटा कानाला जाणवतात. ३०३.७५ लावल्यावर किती व्हाव्यात, याचा हिशोब मुलांना आधी करू द्या आणि मग ऐकवा.

दुसरा प्रयोग संगणकाशिवायचा. शाळेची घंटा आपोआप वाजवणारे यंत्र आहे असे समजा. त्याच्यासाठी फक्त पाच आज्ञा लिहायला मुलांच्या गटांना सांगा. नंतर गटांनी आज्ञासंच अदलाबदल करावेत आणि दुसऱ्या गटाने तो वापरून तीन कामे करून दाखवावीत: रोजची घंटा, शनिवारची सकाळची शाळा, आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी मध्येच बदललेली वेळ. तिसऱ्या कामाला बहुतेक संच अडतील. कोणत्या ठिकाणी अडले आणि तेथे आज्ञा वाढवावी की असलेल्याच आज्ञेतली एखादी राशी मोकळी करावी, यावर वर्गात चर्चा होऊ द्या.